परीच्या वाडग्यातला लाडू

मीरा रोडला पऱ्या आहेत की नाहीत, यावर कोणी वाद घालत नाही. खाडीच्या बाजूचा फ्लॅट दाखवताना ब्रोकर स्वतःच सांगतो, "आंटी, क्रीक व्ह्यू है, शाम को परियाँ भी दिखती हैं," आणि त्याच दमात पार्किंगचं बोलायला लागतो. संध्याकाळी तिवरांच्या रानावर फिकट उजेड हलताना दिसतो. पोरं बोट दाखवतात, बाया गॅलरीतले कपडे काढून घेतात आणि मग सगळे आपापल्या सीरियलला बसतात. त्यांच्या वाटेला कोणी जात नाही, त्याही कोणाच्या वाटेला येत नाहीत. निदान सुलूताई धामणस्करांच्या गॅलरीत वाडगा येईपर्यंत तरी असंच चाललं होतं.

आता सुलूताई म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं फुकट. बाईंचं अख्खं आयुष्य परळच्या चाळीत गेलं. चाळ पाडायला निघाली तेव्हा नवरा, पंढरीनाथ, पोस्टातून नुकताच निवृत्त झालेला. दोघांनी बेव्हर्ली पार्कच्या मागच्या अंगाला, जिथे रस्ता संपतो आणि चिखल सुरू होतो, तिथे चौथ्या मजल्यावर वन बीएचके घेतला. घर झकास. हवा आहे, उजेड आहे, लिफ्ट आहे. पण शेजार म्हणाल तर तीन बंद दारं. लिफ्टमध्ये गाठ पडली की "नमस्ते आंटी", "केम छो आंटी", आणि खटकन लॅच.

चाळीत तसं नव्हतं. आमटी जरा जास्त झाली की वाटी शेजारी जायची, आणि शेजारची वाटी कधी रिकामी परत यायची नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून का होईना. सुलूताईंना तर हे आईने लहानपणी हातावर चापट मारून शिकवलेलं. त्यांच्या हातून कोणाचं भांडं रिकामं परत गेलं, असं जन्मात झालेलं नव्हतं. इथे राहायला आल्यापासून मात्र कोणाची वाटीच आली नव्हती, तर परत काय करणार, कपाळ!

त्या दिवशी जानेवारीतली छान गार संध्याकाळ होती. सुलूताई गॅलरीत टॉवेल काढत होत्या. टॉवेल बाजूला केला, तर ग्रिलच्या बाहेर, हवेत, ती उभी.

उभी म्हणायचं आपलं, कारण पायाखाली काही नव्हतंच. बाई म्हणावी तर बाई, पोर म्हणावी तर पोर. उंची सुलूताईंच्या कमरेइतकी. अंगाचा रंग ओहोटीच्या चिखलावर ऊन पडलं की दिसतो तसला, करडा म्हणता म्हणता सोनेरी होणारा. पंख पाण्याचे. खरंच पाण्याचे, खाडीच्या पाण्याचे बारीक धागे काढून विणलेले. त्यांतून पलीकडची बिल्डिंग दिसत होती आणि ती हळूहळू डोलत होती. पण सुलूताईंची नजर खिळली ती तिच्या तळव्यांवर. तान्ह्या बाळाचे असतात तसे तळवे, गुलाबी, एकही रेघ नसलेले. हे पाय जमिनीला कधी लागलेलेच नाहीत, हे बघताक्षणी कळत होतं. सुलूताईंच्या अंगावर सरसरून काटा आला आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं.

तिने एक वाडगा ग्रिलमधून आत सरकवला, हसली आणि तिवरांकडे निघून गेली. वाडगा खाली पडला नाही. हवेतच राहिला.

"अहो!" सुलूताई ओरडल्या. "अहो, तो पेपर ठेवा आणि बाहेर या!"

पंढरीनाथ शब्दकोडं सोडवत बसले होते. चष्मा कपाळावर ढकलत ते आले, तरंगता वाडगा बघितला आणि मुकाट्याने स्टुलावर बसले. "बाप रे," एवढंच म्हणाले. पोस्टातला माणूस, कमी शब्दांत भागवायची सवय.

वाडग्यात फेस होता. फिकट गुलाबी, थंडगार, भरतीच्या वासाचा. "खायचं का?" पंढरीनाथांनी विचारलं.

"शेजारून आलंय," सुलूताई म्हणाल्या. "आलेलं टाकायचं असतं का?"

वाडगा आणि स्टूल आत आणून दोघांनी एकेक चमचा घेतला. जिभेवर आधी खारट, मग गोड, मग नुसतं गार. आणि सुलूताईंच्या टाचा फरशीवरून उचलल्या गेल्या. मग चवडे. गुडघ्यांतली वर्षानुवर्षांची कळ कोणीतरी सोडवून घेतल्यासारखी गेली. पंढरीनाथ तर स्टुलासकट निघाले वर. "आधी पंखा बंद कर!" ते ओरडले, आणि सुलूताईंनी तरंगत जाऊन बटण दाबलं. दोघं नवराबायको हॉलच्या मध्यावर, ट्यूबलाइटच्या उंचीला, एकमेकांचा हात धरून लोंबकळत राहिले.

तेवढ्या वेळात त्यांना कळलं. कोणी काही सांगितलं नाही. गंध नाकात शिरावा तसं ते आतून कळत गेलं. तिवरांतल्या पऱ्यांना घर नाही, कारण घराला दार लागतं आणि दार लावायचं कोणासाठी, हेच त्यांना ठाऊक नाही. त्या पाण्यावर आलेल्या मुळांवर उभ्याने झोपतात. कोणीच आपले पंख आपण विणत नाही. ही तिचे विणते, ती आणखी कोणाचे, आणि आपले कोणी विणले ते विचारायचं नाही, एकाच हाताच्या बोटांनी एकमेकांचे आभार मानावेत काय? मूल जन्माला घालायचं ठरलं की सगळ्या जमतात. प्रत्येकजण आपल्या उजेडातला कणभर उजेड काढून तिवराच्या एका शेंगेत ठेवते, आणि शेंग भरतीवर सोडून देतात. मग त्या पोराला सगळ्याच आया. पुरुषही असतात त्यांच्यात, आणि तेही पोरांच्या आयाच. मोठं कोण, तर जिच्याकडे काहीच उरलेलं नाही ती. सगळ्यांत रिकाम्या हातांची ती सगळ्यांत थोर, आणि तिच्यासमोर बाकीच्या माना झुकवतात. आणि त्या देतात. खेकड्यांना, बगळ्यांना, दिवे लागलेल्या खिडक्यांना, जे असेल ते देत सुटतात.

एवढं सगळं समजलं. सुलूताईंना वाटलं, आपण देवाच्या घरात डोकावून आलो. फेसाचा अंमल उतरला तसे दोघं अलगद सोफ्यावर येऊन टेकले. एवढं समजलं, पण मेली एकच गोष्ट समजली नाही, आणि नेमकी तीच महत्त्वाची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलूताईंनी तो वाडगा घासला. वाडगा कसला, मिठाच्या पापुद्र्याचा होता, पण पाण्यात विरघळत नव्हता. हातातून सुटला की छताकडे जायचा. पुसून झाला तसा त्यांनी फडताळातला डबा काढला आणि ताज्या रव्याच्या लाडवांतला एक उचलला.

"अगं, थांब," पंढरीनाथ म्हणाले. "त्यांच्यात काय नियम असतील, आपल्याला काय माहीत?"

"नियम कसले? रिकामं भांडं परत करायचं नाही, हा नियम आहे."

"तो आपला झाला."

"परी झाली म्हणून काय झालं? आलं-गेलं करायला नको? दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी काहीतरी घेऊन आलंय दारी. लोक काय म्हणतील, धामणस्करांनी पोरीचं भांडं कोरडं परत पाठवलं?"

"कुठले लोक?" पंढरीनाथांनी विचारलं. यावर सुलूताईंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते परत शब्दकोड्यात शिरले.

लाडू ठेवताच वाडगा हवेतून ओट्यावर येऊन बसला. सुलूताईंना तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आनंदात माणसाला काही दिसत नाही. त्यांनी वाडगा गॅलरीच्या कठड्यावर ठेवला, आणि उन्हं कलायला लागली तशी ती आली. कालचीच, तीच त्या रेघ नसलेल्या पायांची.

वाडग्यात वाकून बघताना तिचा चेहरा असा झाला की सुलूताई तो कधी विसरायच्या नाहीत. तिने लाडवाला बोट लावलं, मागे घेतलं, परत लावलं. मग सुलूताईंकडे बघून, बिल्डिंगांच्या खिडक्यांतून ऐकून ऐकून शिकलेल्या आपल्या भाषेत म्हणाली, "आंटी, ये मेरा है? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीच गं, घे."

"सिर्फ माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी? घे, लाजू नकोस."

तिने लाडू दोन्ही हातांत उचलला आणि दगड सुटावा तशी खाली गेली.

सुलूताईंची किंकाळी तीन मजले ऐकू गेली असेल. पण पंखांनी थोडा तरी आधार दिला. ती फडफडत, आपटत, एसीच्या डब्यांवर अडखळत खाली पोचली आणि कंपाउंडमध्ये उभी राहिली. पायांवर. जन्मात पहिल्यांदा. मग ती चालायला लागली. पाऊल टाकायचं म्हणजे काय ते ठाऊक नसलेलं कोणी चालेल तशी, एका पायावर झुकत, दुसरा ओढत, लाडू पोटाशी धरून, कंपाउंडच्या फुटक्या भिंतीतून खाडीकडे. सिमेंटवर तिचे ओले ठसे उमटत होते.

सुलूताई गाऊनवरच निघाल्या. ओढणीही घेतली नाही. गाऊनवर लिफ्टमध्ये पाऊल न टाकणारी बाई ती! पंढरीनाथ चपला शोधत मागून धावले.

भिंतीपलीकडे जुन्या मिठागराचा बांध होता. बांधाच्या टोकाला तिवरं, आणि तिवरांपाशी ती पोर गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेली. हातातला लाडू काही खाली ठेवत नव्हती. आणि भोवती, प्रत्येक फांदीवर, प्रत्येक मुळावर, त्या होत्या. गॅलरीतून जो उजेड दिसायचा तो हा. जवळून त्याला चेहरे होते. म्हाताऱ्या, तरुण, मिशा असलेले, तान्हे, सगळे त्याच करड्या-सोनेरी रंगाचे. आणि एवढ्या जणांत मिळून आवाज नाही. पंढरीनाथांनी नकळत चपला काढल्या, देवळात काढतात तशा.

एक म्हातारी पुढे आली. तिच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. पंखसुद्धा नव्हते, देऊन टाकले असावेत. तरी ती तरंगत होती आणि तिच्या वाटेतल्या सगळ्यांच्या माना खाली होत होत्या. ती बोलली ती घोडबंदरच्या जुन्या गावकऱ्यांची बोली. बिल्डिंगा व्हायच्या आधी खाडीकाठी तीच ऐकू यायची.

"बाय, काय केलंस तू?"

"मी?" सुलूताई म्हणाल्या. "मी लाडू दिला हो. भांडं रिकामं कसं पाठवायचं?"

"आमचं भांडं रिकामंच परत यायला हवं. आमच्यात घेनं न्हाय, बाय. देनंच हाय. घेतलं की वजन येतं. तुमी मानसं जनमल्यापासून घेता. आयचं दूध घेता, बापाचं नाव घेता, शेजाऱ्याची वाटी घेता. म्हनून तुमचे पाय जमिनीला टेकतात. तुमाला ते पेलतं. आमाला न्हाय पेलत."

"मग आता?"

म्हातारीने खाडीकडे बघितलं. पाणी चढत होतं. मुळांभोवती मघापर्यंत नव्हतं तिथे चमकत होतं. "आज उधाणाची भरती हाय. ऊन हाय तवर आमी सगळी उडनार, मोठ्या पान्याकडे जानार, लई वर्सांनी येनारं जानं हाय. जी उडली न्हाय ती र्‍हायली. जडाला चिखल सोडत न्हाय."

सुलूताईंनी पोरीकडे बघितलं. चिखल तिच्या मांड्यांपर्यंत आला होता. आपण, आपल्या हाताने, प्रेमाने, हिला मारलं. रव्याच्या लाडवाने!

"सांगा ना काय करायचं," त्या म्हणाल्या. "काही पण सांगा."

"दिलंस ते परत घे. पन मनापासून. माझं हाय, तुला न्हाय, असं म्हनून घे."

दिलेलं परत मागायचं? चाळीत असं एका बाईने केलं होतं, लग्नात दिलेली पातेली परत मागितली होती, तर तिच्या मागे तिला काय काय म्हणत ते सुलूताईंना पक्कं आठवत होतं. त्या स्वतःच सगळ्यांत पुढे होत्या म्हणायला. पण पाणी चढत होतं. पंढरीनाथांनी त्यांचा दंड घट्ट धरला आणि त्या चिखलात उतरल्या.

"बाळा," त्या जवळ जाऊन म्हणाल्या, "दे बरं तो लाडू. शहाणी ना माझी ती."

पोर कणभर आणखी खाली गेली.

"तसं नको!" म्हातारी कडाडली. "माया लावलीस की ते पन देनंच झालं!"

सुलूताईंनी हात मागे घेतला. पोर त्यांच्याकडेच बघत होती. "आंटी, हा माझा आहे ना?" ती म्हणाली. "तुम्ही मला दिला. मला. आमच्यात मला असं कोणी देत नाही. सबको देते हैं. हा फक्त मला." तिने लाडू छातीशी धरला. "मी नाही देणार. मी इथे राहीन. चलेगा."

"अगं, बुडशील!"

"चलेगा, आंटी."

सुलूताईंना ते सहन झालं नाही. सरळ सांगायचं तर त्यांना त्या क्षणी तिला कडेवर घेऊन घरी न्यावंसं वाटलं, न्हाऊ घालावं, गरम वरणभात भरवावा. पण ते सगळं देणंच होतं. जे जे करावंसं वाटत होतं, त्या एकेका गोष्टीने ती आणखी रुतणार होती. पाणी पोरीच्या कमरेला लागलं. वर फांद्यांवर पंख उघडायला लागले होते.

"सुलू," पंढरीनाथ मागून म्हणाले. ते बायकोला नावाने सहसा हाक मारत नसत. "नळावरचं भांडण आठव."

आणि सुलूताईंना चाळीचा नळ आठवला. पहाटेची रांग, जाणारं पाणी, आपली बादली सरकवून स्वतःची लावणारी ती समोरच्या खोलीतली. त्या वेळचा आवाज कुठे तरी खोल पडून होता. तो त्यांनी शोधून काढला.

"ए!" सुलूताई गरजल्या. "कोणाचा लाडू आहे गं तो? तुझ्या बापाचा आहे? माझ्या घरचा रवा, माझं तूप, मी तासभर उभं राहून भाजलाय! तुला कोणी सांगितलं उचलायला? माझा आहे तो! माझा! टाक इकडे!"

पोर दचकली. डोळे मोठे झाले. तिने लाडू तोंडाशी धरला, जणू लपवायला तेवढीच एक जागा होती. सुलूताईंनी हात घातला. तिच्या बोटांत लाडवाचं वजन पाट्याएवढं झालं होतं, हलेना. "सोड म्हणते ना! लाज नाही वाटत लोकांचं घ्यायला?" हे शब्द तोंडातून जात होते आणि आत त्यांचं काळीज फाटत होतं, पण आवाजात त्यांनी ते येऊ दिलं नाही. एकेक बोट त्यांनी उलगडलं. शेवटचं बोट त्यांना पिरगाळावं लागलं.

लाडू हातात आला. सुलूताईंच्या हातात तो लाडवाइतकाच होता.

पोर चिखलातून बाहेर निघाली, आधी पोटऱ्या, मग घोटे, मग ते तळवे. त्यांना आता चिखल लागला होता, तो टपटप गळून गेला. तिने सुलूताईंकडे बघितलंही नाही. चेहरा कोरा होता, तिच्या तळव्यांइतका कोरा. पंख झटकून ती सरळ वर गेली, आपल्या माणसांत मिसळली आणि त्यांतली कुठली ती ओळखू येईना.

"घेतलेलं गेलं की देनाराही जातो," म्हातारी म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नको, बाय. तू केलंस ते कोन करत न्हाय." आणि ती रिकाम्या हातांची म्हातारी पंखांवाचून सगळ्यांत आधी वर उठली.

मग अख्खं तिवरांचं रान उठलं. निदान तसं वाटलं. फांदी फांदीवरचा उजेड सुटला आणि वर निघाला, आणि लग्नात अक्षता पडतात तसा आवाज झाला, फक्त खालून वर जाणारा. मोजायला कोण जातंय? आभाळ पुरेना एवढ्या. पाण्याच्या त्या सगळ्या पंखांतून मावळतीचं ऊन गाळून खाली आलं, आणि बिल्डिंगांच्या भिंती, काचा, चिखल, पंढरीनाथांचं टक्कल, सगळ्यावर पाण्याची जाळी हलायला लागली. गॅलऱ्यांमध्ये माणसं येऊन उभी राहिली. चौथ्या मजल्यावरची ती तीन बंद दारंही उघडली असणार, कारण त्या गॅलऱ्यांतही माणसं होती. कोणी मोबाइल वर करत नव्हतं. एक तान्हं मूल तेवढं हसत होतं.

"अगं, बघ," पंढरीनाथ म्हणत होते, "बघ, बघ." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

सुलूताई बघत होत्या. एवढं भव्य काही आपल्या डोळ्यांना दिसावं, अशी आपली लायकी काय, असं त्यांना वाटत होतं, आणि तरी आत एक टोचणी होती. जगली, उडाली, सगळं चांगलं झालं. पण त्या बिचारीला आयुष्यात एकदाच कोणीतरी काहीतरी दिलं, आणि ते आपण हिसकावून घेतलं. आता तिच्यापाशी तेवढंही नाही.

हातातल्या लाडवाकडे त्यांनी उगाचच बघितलं. वर एक खळगा होता. त्या लाडू वळताना प्रत्येकावर एक बेदाणा दाबून बसवायच्या, कधी चुकायच्या नाहीत. त्यांनी लाडू फिरवून बघितला. मोडून बघितला. बेदाणा नव्हता.

त्यांनी वर मान केली. थवा आता समुद्राच्या बाजूला वळत होता. सगळ्या एका पातळीत, रेघ ओढावी तशा. एक मात्र त्या रेघेच्या जराशी खाली होती. पडत नव्हती, मागे राहत नव्हती. बाकीच्यांच्या बरोबरीने उडत होती, फक्त बेदाण्याएवढी खाली.

वळणावर सगळ्या पुढे बघत होत्या. ती एकटी खाली बघत होती.

"अहो," सुलूताई म्हणाल्या, "तिने ठेवून घेतलाय." आणि नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून, त्या चिखलात उभ्याउभ्या, त्या हमसून हमसून रडल्या.